पाठमोऱ्या बाई

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा कागदापुरता. प्रत्यक्षात खाली वाकले तर मला उठवायला यांना बोलवावं लागतं, आणि हे येईपर्यंत मी तेवढ्यातली फरशी पुसून घेते.) तुझा गुडघा, तुझी पहाटेची ढास, चिरंजीव, सूनबाई आणि जुळी, सगळं ठीक असेल असं मी धरून चालते. कारण फोनवर विचारलं तर तू "ठीक" एवढंच म्हणतेस, उलट मलाच "जेवलीस का" विचारतेस आणि मी घास गिळून उत्तर देईपर्यंत फोन ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्राचा मोठा फायदा असा की तुला मध्ये बोलता येत नाही, आणि जुळ्यांपैकी कोणी रडलं तरी मला ऐकू येत नाही.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. केकचं काम छान चाललंय. तुझी मागची खोली आम्ही आता कामाला घेतली आहे. तुझं शिवणाचं मशीन हलवलं आणि खिडकीशी केकचं टेबल मांडलं, तेव्हा खोली नुसती पडून आहे म्हणून तू जिवाला लावून घेऊ नकोस. दोन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे गेलेल्या माणसाचं आता चौथं वर्ष चालू आहे, याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. जुळी लहान आहेत, त्यांना आजी हवी, हे मला कळतं. मी काही लहान नाही (पन्नाशी उलटून गेली, हे तुझ्या लक्षात नसेल म्हणून सांगितलं). तेव्हा ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझी एक फजिती झाली, ती सांगायला लिहिलं आहे. फजिती झाली की ती तुला सांगितल्याशिवाय मला ती पुरती झाल्यासारखी वाटत नाही, एवढंच कारण.

तर हल्ली लोकांना केकवर फुलं नको असतात. त्यांना केकवर माणसं, कुत्री, मोटारी आणि पियानो हवे असतात. मागे एका दाताच्या डॉक्टरला दाढ हवी होती, तीही मुळांसकट. (केली. त्यांच्याकडच्या पाहुण्यांनी ती खाल्ली की नाही ते मी विचारलं नाही.) आता असं काही नुसत्या केकचं करायला गेलं तर ते दारापर्यंत पोचायच्या आत मान टाकतं. म्हणून आत वेगळी युक्ती असते. पातेल्यात लोणी वितळवायचं, त्यात मार्शमॅलो, म्हणजे त्या पांढऱ्या मऊ गुबगुबीत गोळ्या, घालून त्याचा चिकट लगदा करायचा. मग डब्यातला फुगवलेला कुरकुरीत तांदूळ, जो लोक सकाळी दुधात घालून खातात, तो जरा चुरून त्यात ढवळायचा. हाताला लोणी लावायचं आणि तो गोळा गरम असतानाच जीव खाऊन दाबायचा. गार झाला की तो असा घट्ट होतो की करवती सुरीने कोरून हवा तो आकार काढता येतो. मग वरून वितळलेल्या चॉकलेटचा हात फिरवून खड्डे बुजवायचे आणि त्यावर फाँडंट, म्हणजे मळून, कॉर्नफ्लॉवर भुरभुरून पोळपाटावर लाटता येते अशी साखर, कातडीसारखी पांघरायची. इतकंच. तू म्हणशील, एवढं सोपं आहे तर फजिती कसली. पण गरम असताना दया दाखवली, हलक्या हाताने दाबलं, की तो तांदूळ पुढे आतल्या आत खचतो आणि वरची कातडी सुरकुतते. मुलं वाढवण्याबद्दल तू असंच काहीतरी म्हणायचीस. प्रत्यक्षात तू तसं कधी केलं नाहीस, याचा पुरावा म्हणून मी आणि तुझे चिरंजीव दोघंही हजर आहोत.

या कामात ह्यांची मदत असते. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना मोजायला जमीन उरलेली नाही, म्हणून ते घरातल्या वस्तू मोजतात. ऑर्डर आली की फोटोवर पट्टी ठेवून नाकाची लांबी, कानाची उंची असं सगळं काढून मला कागदावर लिहून देतात. कोरताना जो चुरा पडतो तो टाकून द्यायला जीव होत नाही म्हणून तोही तेच संपवतात. त्यामुळे मूर्तीची कंबर बारीक होत जाते आणि ह्यांची होत नाही. स्वतःची मात्र अजून एकदाही मोजलेली नाही.

गेल्या महिन्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त होणार होत्या. त्यांची सून आमच्याकडे आली. शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता आणि तिला केकवर बाई हव्या होत्या, खुर्चीत बसलेल्या, वीतभर उंचीच्या. तिने एक फोटो दिला. कॉलरचा पांढरा शर्ट, वर राखाडी स्वेटर, मांडीवर हात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चष्म्याच्या वरून रोखलेले डोळे. नुसता फोटो बघून मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं. सून म्हणाली, हुबेहूब झाल्या पाहिजेत, फक्त जरा हसऱ्या करा. मी म्हटलं, यातलं एक काहीतरी सांगा. त्यावर तिने फोटो पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाली, मग हुबेहूबच करा, नाहीतर त्यांना वाटेल मी चेष्टा केली.

आता बाईंचं काय झालं ते ऐक. धड उत्तम बांधलं गेलं. खुर्चीही झाली. पण मला घाई फार (कोणाची लाडावलेली आहे ते तुला ठाऊक आहेच). आतला तांदूळ पुरता गार व्हायच्या आत मी वर फाँडंट पांघरलं. दुपारच्या जेवणाआधी बाई सडपातळ होत्या. जेवण उरकून येऊन बघते तर पोट सुटलेलं. आधी मला वाटलं, माझ्याच डोळ्यांवर झापड आली असेल. मग ह्यांनी टेप लावली आणि मोजणी खात्याच्या आवाजात सांगितलं, कंबर वाढली आहे आणि अजून वाढते आहे. शिवाय तांदळाचे दाणे आतून वर ढकलून बाईंच्या गालांवर बारीक पुटकुळ्या आल्या. साठीला आलेल्या बाईंना या वयात पुटकुळ्या म्हणजे त्यांनी मला वर्गाबाहेरच उभं केलं असतं. शेवटी सगळी कातडी सोलली, धड मोडलं, नवा गोळा करून तुझं नाव घेत दाबला आणि गार होईपर्यंत हात मांडीखाली घेऊन गप्प बसले. चेहऱ्याला तर माझ्या नाकी नऊ आले. चष्म्याची काडी केसाइतकी बारीक लाटायची आणि ती नाकावर ठेवताना आपण श्वाससुद्धा घ्यायचा नाही. ह्यांना नेमकी तेव्हाच शिंक येते. पण अखेर चेहरा जमला. टेबलावरून बाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी पदार्थांचे डबे नीट ओळीत लावून टाकले.

राहिली पाठ. पाठीचा फोटो कोणी देत नसतं. आणि मुख्याध्यापिकेची पाठ पाहिली कोणी असते. त्यांची पाठ वळली की मुलं तिच्याकडे बघत नाहीत, मुलांना तेव्हा दुसरी कामं असतात. म्हणून मी ट्रे फिरवून घेतला आणि अंदाजाने करायला बसले. आणि ताई, खरं सांगते, हात आपोआप चालायला लागले. चेहऱ्याला इतके दिवस खर्ची पडले होते आणि पाठ मी एका दुपारात केली. एकदाही खोडलं नाही. एकदाही ह्यांना माप विचारलं नाही. डावा खांदा किंचित वर, उजवा उतरलेला. मान उजवीकडे कललेली. खांद्यांच्या मधोमध स्वेटरला ताण पडून आलेल्या दोन वळ्या. मानेवर सैल पडलेला अंबाडा, त्यातून सुटलेले चार केस. कॉलरचा एक कोपरा उभा राहिलेला. आणि त्या कॉलरला मागे खोचलेली सुई, तिच्यात ओवलेला वीतभर दोरा. (मूर्तीच्या मापाने बोटाच्या पेराएवढा.) दोरा मी निळा केला. का केला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि हे सगळं करताना मी सारखी बोलत होते म्हणे. मला पत्ता नाही. हे टेप घेऊन दारात उभे राहिले होते, त्यांनी ऐकलं. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, जिन्यातला दिवा कोणी बदलत नाही, नवीन दूधवाला पातेलं दारातच आपटतो, संध्याकाळी हे घर फार मोठं वाटतं, असं काय काय मी सांगत होते. ह्यांनी विचारलं, कोणाशी बोलतेस. मी म्हटलं, बाईंशी. ते म्हणाले, बाईंची आपली एवढी ओळख कधी झाली. मी चिडून त्यांना दूध तापवायला पाठवून दिलं.

तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र तेव्हा आलं नाही. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते आणि तू लोकांचे कपडे शिवून आपल्या दोघींचं घर चालवायला बसलीस, ती बसलीसच. तू खिडकीकडे तोंड करून मशीनवर, पाठीमागे निळ्या दोऱ्याची सुई खोचलेली, आणि मी तुझ्या मागे पलंगावर पुस्तक उघडं टाकून. मी आयुष्यात जे काही महत्त्वाचं सांगितलं ते तुझ्या पाठीला सांगितलं. गणितात नापास झाले ते. नाटकात झाडाचं काम मिळालं ते. मैत्रिणीने बोलणं टाकलं ते. तू मागे वळायची नाहीस, वळलीस तर माझ्याने पुढे बोलवलं नसतं, हे तुला कसं कळायचं कोण जाणे. मशीन थांबलं म्हणजे तू ऐकते आहेस. पुन्हा सुरू झालं म्हणजे बरं, होईल सगळं नीट. ह्यांच्याशी लग्न करायचं आहे हेही मी तुझ्या पाठीलाच सांगितलं होतं, आणि तेव्हा मशीन थांबलं ते सुरू होईना. इतका वेळ थांबलं की मी मनातल्या मनात ह्यांना नकार देऊन मोकळी झाले होते. मग तू उठलीस आणि डबीतून नवा बॉबिन काढलास. दोरा संपला होता. ह्यांचा संसार त्या बॉबिनवर तरला, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

असो. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंना मोटारीत मागच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. हे गाडी अशी चालवत होते की एक सायकलवाला पुढे गेला आणि वळून बघून पुन्हा मागे आला, आत कोण आजारी आहे ते बघायला. हॉलमध्ये पोचलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. मला वाटलं होतं, केक भिंतीशी ठेवतील. त्यांनी टेबल मांडलं होतं हॉलच्या बरोबर मध्ये, म्हणजे सगळ्यांना भोवती फिरून बघता यावं. पुढच्या बाजूला जे जमले ते खूश होते. एक तरुण मास्तर तर केकसमोर येऊन शर्ट खोचायला लागले. पण जे फिरून मागे जात, ते तिथेच रेंगाळत. त्यांची कुजबुज सुरू झाली. मागच्या बाजूची गर्दी पुढच्यापेक्षा वाढली, तशी मी ह्यांचा हात धरला आणि दाराकडे बघून ठेवलं.

तेवढ्यात बाईंचे यजमान आले. गरीब स्वभावाचे, बुटके गृहस्थ आहेत. सगळा जन्म ते बाईंच्या जरा मागून चालत आलेले, त्यामुळे बाईंची पाठ त्यांच्याइतकी कोणी पाहिलेली नाही. ते केकच्या मागे गेले, वाकले, पुन्हा वाकले, आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, ही आमची नाही." मग ती सुई सापडली. बाईंनी म्हणे आयुष्यात बटण लावलेलं नाही, घरातली सगळी बटणं यजमानच लावतात. खऱ्या बाई तिथेच उभ्या होत्या, पाठ फळ्यासारखी ताठ. त्यांच्या सुनेचा चेहरा पांढरा फटक पडला. बाईंनी चष्मा नाकावरून वर केला, केकच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मग त्यांनी मला बोटाने बोलावलं. (ताई, गेले. पाय आपोआप गेले, शाळेत जात तसेच.) त्यांनी विचारलं, ही कोण. मला सांगता आलं असतं की अंदाजाने केली, फोटो नव्हता. पण त्या बाईंसमोर खोटं बोलायची सोयच नाही. मी म्हटलं, माझी ताई. कुठे असते, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लेकाकडे, लांब. बाई पुन्हा त्या पाठीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "फार वेळ बसलेली दिसते. हिला कोणी उठवलं नाही का गं कधी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, कॉर्नफ्लॉवर गेलं डोळ्यात. हॉलमध्ये कॉर्नफ्लॉवर कुठेच नव्हतं. बाईंनी मला स्वतःचा रुमाल दिला आणि ठाम स्वरात सगळ्यांना सांगितलं की केक पुढच्या बाजूने कापायचा, मागच्या बाजूला सुरी लावायची नाही. मग मुलांनी चष्मा खाल्ला, सुनेने हात खाल्ले, शर्ट खोचणाऱ्या मास्तरांना गुडघा मिळाला. बाईंच्या यजमानांनी नाक मागून घेतलं आणि फार समाधानाने खाल्लं. बाई त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून बघत होत्या, पण थोड्याशा हसतही होत्या. म्हणजे सुनेला हव्या होत्या तशा हुबेहूब आणि हसऱ्या दोन्ही झाल्या, फक्त केकवर नाही. उरली ती पाठ त्यांनी डब्यात घालून माझ्या हातात दिली. ही तुमची आहे, घरी न्या, म्हणाल्या.

तेव्हापासून तू घरात आहेस. म्हणजे पाठीपुरती. पुढची बाजू पार खाऊन झाल्यामुळे समोरून नुसता कुरतडलेला तांदूळ दिसतो, म्हणून तुला पाठमोरीच ठेवावी लागते. मुंग्यांनी पहिल्या दिवशीच हजेरी लावली. ह्यांनी ट्रेखालच्या चौरंगाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ त्यांतल्या पाण्याची पातळी मोजतात. हवेत जरा दमटपणा आला की फाँडंटला घाम सुटतो, मग मी पुठ्ठ्याने वारा घालते. ह्यांनी एकदा चुकून कोपराचा चुरा तोंडात टाकला, तर मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. खरं म्हणजे कारण क्षुल्लक होतं. पण कोपर तुझं होतं.

मग मनात आलं, पुढची बाजू आपणच भरून काढावी. परक्यांचे इतके चेहरे केले, तुझा करायला काय लागतं. बसले. आणि ताई, मला तुझा चेहरा येईना. फोटो काढून बघितले तर एकाही फोटोत तू धड नाहीस. प्रत्येक फोटोत तू कोणाची तरी कॉलर नीट करायला, कोणाचे तरी केस मागे सारायला वळलेली, आणि फोटो निघाला तोवर हललेली. माझ्या लग्नाच्या फोटोत मी आहे, हे आहेत आणि आमच्या मध्ये एक धुरकट रेघ आहे, ती तू. म्हटलं, व्हिडिओ कॉलवर बघून घेऊ. तर तू फोन असा धरतेस की मला तुझं अर्धं कपाळ दिसतं आणि वर फिरणारा पंखा. गेली तीन वर्षं मी त्या पंख्याशी बोलते आहे. त्याची तब्येत चांगली आहे. तरी आठवून आठवून एक चेहरा केला. भुवया जमल्या, हनुवटी जमली, तोंडाशी येऊन अडले. सांभाळून सांभाळून पुरा केला आणि ह्यांना बोलावलं. ह्यांनी टेप न लावता नुसतंच बघितलं आणि म्हणाले, ही तर तूच आहेस. मी बघितलं तर खरंच, मीच होते, जरा थकलेली. तो चेहरा मी परत मळून टाकला. त्याचा एका पोराच्या वाढदिवसाला जिराफ झाला.

अशी ही फजिती. वाचून तुला हसू आलं असेल. यायलाच हवं, त्यासाठीच लिहिलं. आमची काळजी करू नकोस, इकडे सगळं उत्तम आहे. जुळ्यांना पापा, सूनबाईंना आशीर्वाद, चिरंजीवांना सांग की मावशीला वर्षातून एकदा फोन केला तर बोटं झिजत नाहीत. गुडघ्याला तेल लाव. उत्तराची घाई नाही, सवड मिळेल तेव्हा दोन ओळी लिही, आणि त्यात "ठीक" हा शब्द नको.

तुझी,
फुगी

ता. क. जुळ्यांच्या स्वेटरांसाठी खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप पाठव. ह्यांनी सांगितलंय, टेप ओढून धरू नकोस आणि मुलं झोपलेली असताना घे.

दुसरा ता. क. तुझी खोली कामाला घेतली असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मशीन होतं तिथेच आहे, खिडकीशी. केक मी जेवणाच्या टेबलावर करते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. ह्यांनी कितीदा सांगितलं, खोली मोकळी आहे, तिथे पसारा हलव. मी हलवत नाही. तो पाठीचा तुकडासुद्धा मशीनवरच ठेवला आहे. संध्याकाळी मी मागे पलंगावर जाऊन बसते.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी ह्यांनी पत्र वाचलं. (मोजायला मागितलं होतं, वजनासाठी.) वाचून कागदाची घडी घातली. मग म्हणाले, तू दर पत्रात सगळं उत्तम आहे असं लिहितेस, मग त्या कशाला येतील, त्यांनाही वाटत असेल की तुला आता त्यांची गरज उरली नाही. मला हे आजवर सुचलंच नव्हतं. तेव्हा दुरुस्ती अशी, की केकचं काम उत्तम आहे. हेही उत्तम आहेत. मी नाही. मला तुझी फार आठवण येते. बसल्या जागी येते, दाराची घंटा वाजली की येते, आणि ती जाता जात नाही.

चौथा ता. क. तू ये. जुळ्यांना घेऊन ये, सगळ्यांना घेऊन ये, नाहीतर आठ दिवसांसाठी एकटी ये. फक्त आल्या आल्या मशीनकडे जाऊ नकोस. आधी थोडा वेळ माझ्याकडे तोंड करून बस. मी केकबिक काही करणार नाही, नुसती बघणार आहे.